आधी बायस, मग गेन

मॉसफेटच्या स्मॉल सिग्नल मॉडेलची आकृती आपण सगळेच पाठ करतो. जीएमचा करंट सोर्स, शेजारी आरओ, पुढे आरडी. झाले मार्क खिशात! मीही तेच करायचो. मग एका प्रॅक्टिकलला जादा गेन हवा म्हणून मी गेटचा डीसी व्होल्टेज वाढवला आणि सीआरओवरची वेव्ह मोठी व्हायची सोडून चक्क बसली. आकृती पाठ होती, अर्थ कळला नव्हता.

अर्थ तसा सोपा आहे. मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाट चढावा लागतो. रस्ता सगळा वळणांचा, पण दहा पावलांपुरता सरळच वाटतो. चढ किती, हे मात्र आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरतं. गेट व्होल्टेज आणि ड्रेन करंट यांचा आलेखही असाच वक्र असतो. बायस म्हणजे आपली उभं राहायची जागा, जीएम म्हणजे तिथला चढ आणि स्मॉल सिग्नल म्हणजे ती दहा पावलं.

आता सोपे आकडे घेऊ. गेट-सोर्स व्होल्टेजमधून थ्रेशोल्ड वजा केला की उरतो तो ओव्हरड्राइव्ह. सॅच्युरेशनमध्ये ड्रेन करंट म्हणजे के गुणिले ओव्हरड्राइव्हचा वर्ग, भागिले २. आणि जीएम म्हणजे के गुणिले ओव्हरड्राइव्ह. के २ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट वर्ग, सप्लाय १२ व्होल्ट, आरडी ५ किलोओहम. आरओ खूप मोठा धरून सोडून देऊ.

ओव्हरड्राइव्ह १ व्होल्ट ठेवला तर करंट १ मिलिअँपिअर, ड्रेनवर ७ व्होल्ट, जीएम २ आणि गेन उणे १०. छान!

ओव्हरड्राइव्ह १.५ केला तर जीएम ३, म्हणजे गेन १५? इथेच मी फसलो होतो. करंट २.२५ मिलिअँपिअर धरला तर ड्रेनवर ०.७५ व्होल्टच उरतो. सॅच्युरेशनसाठी तो निदान ओव्हरड्राइव्हइतका, म्हणजे १.५ तरी हवा. याचा अर्थ ट्रान्झिस्टर ट्रायोडमध्ये गेला. तिथलं समीकरण सोडवलं की ड्रेनवर १.२ व्होल्ट येतो आणि गेन जेमतेम ३!

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी डीसी गणित, मग सॅच्युरेशनची खात्री, मग सिग्नल ओव्हरड्राइव्हच्या दुपटीपेक्षा बराच लहान आहे ना ते बघा. मॉडेल सगळ्यात शेवटी. ओरलला सरांनी 'गेन काढ' म्हटलं, तर आधी बायस काढा. गेन मग आपोआप येतो.