बालमन आणि धर्मसंस्कार

छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादाचे नगर. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ मध्ये झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. रोजगारानिमित्त निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे येथे स्थायिक झाली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. मंदिर, मशीद, चर्च आणि गुरुद्वारा एकाच नगरात उभे राहिले. अशा नगरातील बालवाडीत शेजारी बसणाऱ्या दोन मुलांच्या घरची प्रार्थना वेगळी असू शकते. मग त्यांच्यावर धर्माचे कोणते संस्कार करावेत?

उपासनेची रीत मूल आपल्या घरी शिकते. सत्य, दया, कृतज्ञता ही मूल्ये मात्र सर्वच धर्मांना मान्य आहेत. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला या शब्दांची व्याख्या कळत नाही. त्याला कृती कळते. डबा वाटून खाणे, रोपाला पाणी घालणे, रडणाऱ्या सोबत्याजवळ बसणे हेच त्याचे पहिले धर्मपाठ होत.

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्यातील आई पायांना घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या श्यामला मनही तसेच जपण्यास सांगते. रोजच्या स्नानातून तिने धर्म शिकवला.

याउलट, ‘खोटे बोललास तर देव शिक्षा करील’ या धाकाने मूल सत्यप्रिय होत नाही; ते केवळ भिते. शिवाय दाराशी कोणी आले असता वडीलच ‘बाबा घरी नाहीत, असे सांग’ म्हणाले, तर सारा उपदेश व्यर्थ ठरतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार संपूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत ते दिले जात असल्यास, लहान मुलाला त्यात सहभागी करण्यासाठी पालकांची संमती आवश्यक असते. म्हणून बालवाडीने मूल्यांची जोपासना करावी आणि श्रद्धेची निवड कुटुंबावर सोपवावी.

गणपतीचा मोदक आणि ईदचा शिरखुर्मा जे मूल मित्रासह वाटून खाते, त्याला सहिष्णुतेची व्याख्या पाठ करावी लागत नाही. त्याच्यासमोर तसे वागणारी मोठी माणसे मात्र हवीत.

विचार करा : आपल्या कोणत्या वागण्याचे अनुकरण घरातील मुलांनी करावे, असे आपणांस वाटते?