आपला गल्ला आपल्या हाती

सांगलीच्या गणपती पेठेत अथवा साताऱ्याच्या मोती चौकाच्या आसपास जुन्या वळणाचे वाण्याचे दुकान आजही पाहावयास मिळते. दुकानाच्या तोंडाशी दुकानदार बसलेला असतो. त्याच्या पुढ्यात तराजू, हाताशी पैशांचा गल्ला आणि पाठीमागे डाळी, गूळ, हळद, चहा यांचे डबे व पोती रचलेली असतात. गिऱ्हाईक पायरीशी उभे राहून एकेक जिन्नस मागते. दुकानदार तो काढतो, तोलतो, कागदात बांधतो, तोंडी हिशोब करतो आणि पैसे मोजून गल्ल्यात टाकतो. ही पाचही कामे त्याची. गिऱ्हाइकाने मागावे आणि पैसे द्यावेत, एवढेच.

गेल्या शंभर वर्षांत या पाच कामांची वाटणी हळूहळू पालटत गेली. एकेक काम दुकानदाराच्या हातून सुटून गिऱ्हाइकाच्या हाती आले. हा पालट कसा घडला, त्यात लाभ कोणता आणि हानी कोणती, हे समजून घेण्यासारखे आहे.

पहिले काम हलले ते १९१६ साली. अमेरिकेतील मेंफिस या शहरी क्लॅरेन्स साँडर्स या व्यापाऱ्याने 'पिगली विगली' नावाचे दुकान उघडले. तेथे आत येणाऱ्या प्रत्येकाला एक टोपली मिळे. मांडण्यांमधून फिरावे, वस्तू हाती घेऊन पाहावी, किंमत वाचावी आणि हवी ती टोपलीत टाकावी, अशी तेथील रीत होती. माल काढून देणाऱ्या नोकरांचा खर्च वाचला. गिऱ्हाइकालाही मनाजोगी निवड करता येऊ लागली. पुढे ही पद्धत जगभर पसरली. आपल्याकडेही ती आली, आणि ती केवळ मोठ्या शहरांपुरती राहिली नाही. सांगली जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या वारणेच्या पलीकडे, कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरला, तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने १९७० नंतरच्या दशकात सहकारी तत्त्वावर 'वारणा बाजार' उभा राहिला. खेड्यातील शेतकऱ्यालाही एका छपराखाली सर्व वस्तू मिळाव्यात, हा त्यामागील हेतू होता.

वस्तू काढण्याचे काम असे गिऱ्हाइकाकडे आले, तरी हिशोब मात्र दुकानातील माणसाकडेच राहिला होता. प्रत्येक वस्तूची किंमत पाहून ती यंत्रावर टिपण्यास वेळ लागे आणि चुकाही होत. यावर बारकोड हा उपाय निघाला. साबणाच्या वडीवर किंवा बिस्किटांच्या पुड्यावर जाड-बारीक काळ्या रेघांची चौकट असते, तोच बारकोड. तिच्याखाली बहुधा तेरा अंक छापलेले असतात. भारतात नोंदविलेल्या अशा क्रमांकाचा आरंभ ८९० या अंकांनी होतो. शेवटचा अंक हा आधीच्या बारा अंकांचा पहारेकरीच होय. एखादा अंक चुकीचा वाचला गेला, तर या शेवटच्या अंकाशी मेळ बसत नाही आणि चूक उघडकीस येते. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ट्रॉय या गावच्या दुकानात पहिल्यांदा एका वस्तूचा बारकोड यंत्राने वाचला. ती वस्तू म्हणजे चघळण्याच्या गोंदाची एक लहानशी पुडी होती.

यंत्राला रेघा वाचता येऊ लागल्या, तेव्हा ती वस्तू यंत्रापुढे गिऱ्हाइकानेच का धरू नये, असा विचार पुढे आला. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत असे स्वयंसेवेचे गल्ले सुरू झाले. येथे गिऱ्हाईक स्वतः वस्तू यंत्रापुढे धरते, पिशवीत भरते आणि कार्डाने अथवा मोबाइलने पैसे चुकते करते. पुष्कळशा यंत्रांत पिशवी ठेवण्याच्या जागेखाली वजनकाटा असतो. नोंदलेल्या वस्तूचे वजन आणि पिशवीत वाढलेले वजन जुळले नाही, तर यंत्र थांबते आणि दुकानातील सेवकाला बोलावते. आता पाचही कामे गिऱ्हाइकाकडे आली. दुकानदार दिसेनासाच झाला!

सातारा आणि सांगली या शहरांतील बहुतेक दुकानांत अद्याप गल्ल्यावर माणूसच असतो. तथापि २०१६ साली यूपीआयची व्यवस्था सुरू झाल्यापासून भाजीवालीच्या पाटीजवळही मोबाइलने पैसे देण्याचा चौकोनी ठसा दिसू लागला आहे. पैसे देणे जेथे इतके सोपे झाले, तेथे स्वयंसेवेचा गल्लाही उद्या येऊ शकेल. म्हणून त्याचे गुणदोष आजच पारखून ठेवणे इष्ट.

प्रथम गुण पाहू. ज्याला दोनच वस्तू घ्यावयाच्या आहेत, त्याला भरलेल्या गाड्यांच्या मागे ताटकळावे लागत नाही. एका माणसाच्या देखरेखीखाली अनेक यंत्रे चालत असल्यामुळे थोड्या जागेत अधिक लोकांचा हिशोब होतो. प्रत्येक वस्तूची किंमत डोळ्यांसमोर उमटत असल्याने आपण किती खर्च करीत आहोत, हे कळत जाते. ज्याला बोलता किंवा ऐकता येत नाही, त्याला कोणाची विनवणी न करता आपली खरेदी पुरी करता येते. आपले काम आपण करावे, ही शिकवण तर आपल्याकडे जुनीच आहे.

आता दुसरी बाजू. गल्ल्यावर बसणारी मुलगी कदाचित घरातील पहिलीच कमावती असते. तिच्या वेतनावर धाकट्या भावंडांचे शिक्षण चाललेले असते. चार गल्ल्यांच्या जागी यंत्रे आली आणि देखरेखीस एकच जण उरला, तर उरलेल्या तिघांनी कोठे जावे? शिवाय जे काम पूर्वी वेतन घेऊन केले जाई, तेच काम गिऱ्हाईक फुकट करते. आणि त्याबद्दल वस्तू स्वस्त मिळतेच असे नाही. आडगावाहून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या आजीला यंत्राची भाषा कळत नाही. कनवटीच्या नोटा काढून ती उभी राहते, आणि यंत्र नोटा घेत नसेल तर तिचा खोळंबा होतो. वाण्याच्या दुकानी तिला कोणी तरी विचारीत असे, "आजी, गुडघा कसा आहे?" यंत्र असे विचारीत नाही.

हा शेवटचा तोटा क्षुल्लक नाही. नेदरलँड्स या देशात यंत्रांचा सुकाळ असतानाही 'युंबो' या दुकानाने २०१९ साली एक निराळाच गल्ला उघडला. घाई नसलेल्या, विशेषतः एकाकी वृद्धांनी तेथे यावे आणि गल्ल्यावरच्या माणसाशी दोन शब्द बोलावेत, अशी ती योजना. 'गप्पांचा गल्ला' असेच तिचे नाव. इंग्लंडमधील 'बूथ्स' या दुकानदारांनी तर २०२३ साली आपल्या बहुतेक दुकानांतून स्वयंसेवेची यंत्रे काढून टाकण्याचे जाहीर केले आणि माणसे पुन्हा गल्ल्यावर बसविली.

आणखी एक प्रश्न उरतो. तो सर्वांत नाजूक आहे. पाचही कामे गिऱ्हाइकाच्या हाती आली, म्हणजे दुकानदाराचा विश्वासही त्याच्या हाती आला. महाग फळ तोलावे आणि यंत्राला स्वस्त फळाचे नाव सांगावे, असा मोह एखाद्यास होतो. याउलट, एखादी वस्तू नजरचुकीने नोंदावयाची राहून गेली, तर भल्या माणसावरही चोरीचा आळ येतो. मग कॅमेरे वाढतात, पहारा वाढतो आणि स्वयंसेवेच्या नावाखाली संशयाचे राज्य सुरू होते.

विश्वासाने माणूस वागतो की पहाऱ्याने? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत आहे. तेव्हाच्या औंध संस्थानात, राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कारकिर्दीत, १९३९ साली ती स्थापन झाली. कैद्यांनी उंच भिंतींवाचून राहावे, शेती करावी आणि कुटुंबासह जगावे, हा तो प्रयोग. त्यावरूनच व्ही. शांताराम यांना 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ सालच्या चित्रपटाची प्रेरणा मिळाली. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' वसले आहे. तेथे गावकऱ्यांच्या घरांतच पुस्तकांची कपाटे आहेत. कोणीही यावे, आपल्या हाताने पुस्तक घ्यावे, तेथेच बसून वाचावे आणि जागच्या जागी ठेवून जावे. या दोन्ही ठिकाणी मूळ भांडवल एकच: माणसाने माणसावर टाकलेला विश्वास.

तात्पर्य, स्वयंसेवेचा गल्ला स्वतः भला नाही की बुरा नाही. ज्याला घाई आहे त्याच्यासाठी यंत्र असावे; परंतु आजीसाठी, आंधळ्यासाठी आणि रोख पैसे देणाऱ्यासाठी शेजारी एक माणूसही असावा. ज्यांचे काम यंत्राने घेतले, त्यांना दुसरे काम शिकविण्याची जबाबदारी दुकानाने उचलावी. आणि गिऱ्हाइकाने एवढे ध्यानी ठेवावे, की यंत्रापुढे उभे राहिल्यावर आपण केवळ खरेदीदार नसतो. त्या घडीपुरते आपणच दुकानदार असतो. तराजूही आपल्याच हाती असतो. तो सरळ धरणे हे यंत्राचे काम नव्हे, आपले आहे.

अभ्यास

१. वाण्याच्या दुकानातील पाच कामे कोणती? ती गिऱ्हाइकाकडे कोणत्या क्रमाने आली?
२. बारकोडातील शेवटच्या अंकाला 'पहारेकरी' का म्हटले आहे?
३. स्वयंसेवेच्या गल्ल्याचे प्रत्येकी तीन गुण व तीन दोष आपल्या शब्दांत लिहा.
४. वाक्यांत उपयोग करा: ताटकळणे, आळ येणे, खोळंबा होणे, चुकते करणे.
५. आपल्या गावातील एका दुकानदाराला भेटून गल्ल्यावर यंत्र आल्यास त्याला काय वाटेल, ते विचारा व दहा ओळी लिहा.