विजेची गिटार कशी निवडावी?

तुमच्यापैकीं कित्येकांना 'मेटल' या नांवाच्या उग्र व वेगवान पाश्चात्त्य संगीताची गोडी लागली आहे, आणि विजेची गिटार मिळावी म्हणून घरीं आर्जवें चाललीं आहेत. परंतु वडिलांनीं मोठी रक्कम खर्च करावी व वर्षभरांत तें वाद्य कोपऱ्यांत धूळ खात पडावें, असें पुष्कळदां घडतें. याचें एक कारण असें कीं, मुलें रंग, आकार व प्रसिद्ध वादकाचें नांव पाहून निवड करितात. वाद्य कोणत्या स्वराकरितां व कोणत्या हाताकरितां केलें आहे, हें कोणी विचारीत नाहीं.

या संगीताचा पाया इंग्लंडांतील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरीं 'ब्लॅक सॅबथ' या वादकसंघानें घातला. त्यांतील टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं अग्रें १९६५ सालीं, वयाच्या १७ व्या वर्षीं, पत्र्याच्या कारखान्यांतील यंत्रांत सांपडून तुटलीं. तो डावखुरा असल्यामुळें तारा दाबण्याचा हात तोच होता. त्यानें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, बारीक तारा लावल्या, आणि १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या ध्वनिमुद्रिकेंतील कित्येक गाण्यांकरितां तारा तीन अर्धस्वर खालीं उतरविल्या. वाद्य हाताला जुळवून घ्यावें, हा निवडीचा पहिला धडा होय.

दुसरा धडा स्वराचा. सहा तारांच्या गिटारींत सर्वांत खर्जाची तार सेकंदास सुमारें ८२.४ कंपनें करिते. आधुनिक वादक याहूनही खालीं उतरतात. सात तारांच्या गिटारींत ही संख्या ६१.७ वर येते. आतां पहिलीच तार नुसती सैल करून हा स्वर काढला तर काय होईल? कंपसंख्या ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत असते, हा नियम फ्रान्समधील मर्सेन यानें १६३६ सालीं ग्रंथरूपानें मांडला. त्याप्रमाणें हिशेब केला असतां तारेचा ताण पूर्वीच्या अवघा ५६ टक्के उरतो. अशी ढिली तार पडद्यांवर खडखडते व जलद वादनांत तिचा स्वर डळमळतो.

यावर उपाय दोन. एक, तार जाड घेणें. तंबोऱ्याची खर्जाची तार जाड असते, तें याचसाठीं. परंतु फार जाड तारेचा नाद बोथट होतो. म्हणून दुसरा उपाय, तारेची लांबी वाढविणें. नेहमींच्या गिटारींत घोडीपासून दांडीच्या माथ्यापर्यंतची लांबी २४.७५ किंवा २५.५ इंच असते. खर्जाकरितां केलेल्या गिटारींत ती २६.५ किंवा २७ इंच ठेवितात. २५.५ ऐवजीं २७ इंच घेतल्यास त्याच तारेला त्याच स्वरांत सुमारें १२ टक्के अधिक ताण लागतो व ती घट्ट राहते. मात्र पडद्यांमधील अंतरेंही वाढतात. लहान हाताच्या मुलानें हें आधीं दाबून पाहावें.

तिसरी गोष्ट पिकअपची. पिकअप म्हणजे चुंबकाभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें. पोलादी तार कंप पावली कीं चुंबकीय क्षेत्र हलतें व वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. हें फॅरडेच्या १८३१ च्या शोधाचेंच फळ. पण हें वेटोळें खोलींतील विजेची गुणगुणही उचलतें, आणि मेटलमध्यें ध्वनि फार वाढवीत असल्यामुळें ती असह्य होते. यासाठीं दोन वेटोळ्यांचा 'हंबकर' घ्यावा. त्यांत वेटोळीं व चुंबक परस्परविरुद्ध ठेविलेलीं असल्यामुळें गुणगुण बहुतेक नाहींशी होते, व तारेचा नाद मात्र दुणावतो. गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर यांनीं याच्या पेटंटासाठीं १९५५ सालीं अर्ज केला होता.

चौथी गोष्ट घोडीची. फ्लॉइड रोझ यांनीं काढलेल्या हलत्या घोडीनें स्वर खालींवर झुलवितां येतो. परंतु ती स्प्रिंगांवर तोललेली असल्यामुळें एक तार तुटली तर बाकीच्याही बेसूर होतात, व तार बदलण्यास पुष्कळ वेळ लागतो. नवशिक्यानें स्थिर घोडीच पत्करावी.

दुकानांत वीज जोडण्यापूर्वींच प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून ऐकावी. खडखड होतां कामा नये. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तेथें तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर आणि तार दाबून काढलेला सूर एकच आला पाहिजे. दांडी डोळ्यासमोर धरून ती वांकडी नाहीं ना, हें पाहावें. वाद्य गळ्यांत अडकवून पंधरा मिनिटें उभें राहावें. खांदा दुखूं लागला तर तें आपलें नव्हे.

पालकांस विनंति एवढीच कीं, सर्व रक्कम गिटारीवर खर्चूं नये. ध्वनिवर्धक व शिक्षक यांसाठींही कांहीं राखून ठेवावी. आरंभास सहा तारा, २५.५ इंच लांबी, एक चांगला हंबकर व स्थिर घोडी एवढें पुरे आहे. आयोमीच्या गिटारीलाही सहाच तारा होत्या.