चौघं उचलून नेऊ की!

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, नोकरीच्या गावी, लातूरला खोली मिळाली. पहिल्या मजल्यावर आहे, पण घरमालक काका म्हणाले, काळजी नको, आमची पोरं रोज उचलून नेतील." तुझा आवाज इतका हलका झाला होता की मला तेव्हा तोंड उघडवलं नाही. आज सांगते. ती खोली घेऊ नकोस.

तुझ्यासारखंच मलाही चाकाच्या खुर्चीत बसून एकोणीस वर्षं झाली. "चौघं उचलून नेऊ की, त्यात काय!" हे वाक्य मी लग्नाच्या मांडवात ऐकलं, बँकेत ऐकलं, दवाखान्यातसुद्धा ऐकलं. म्हणणाऱ्याचं मन साफ असतं, त्याबद्दल वाद नाही. पण पोरं आठ दिवस हौसेनं उचलतात. नवव्या दिवशी एकाचा क्लास असतो, दुसऱ्याची पाठ धरलेली असते, आणि पावणेदहाला ऑफिस गाठायचं असताना तू जिन्यापाशी बसून वाट बघत राहतेस. मग संध्याकाळी कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची तर कुणाला सांगावं, म्हणून तू कोथिंबिरीशिवाय वरण करतेस. मैत्रीण चहाला बोलावते, तू डोकं दुखतंय म्हणतेस. महिन्याभरात सगळं जग दहा बाय बाराच्या खोलीत येऊन बसतं, आणि कुणी कोंडून ठेवलं असंही म्हणता येत नाही. माझं पहिलं वर्ष असंच गेलं.

आणखी एक, हे मावशीसमोर बोलू नकोस. उचलताना हात कुठं कुठं लागतात ते उचलली जाणारीच जाणते. दर वेळी चुकून लागतात असं नाही. मुंबईच्या विराली मोदीनं हे चारचौघांत बोलून दाखवलं. रेल्वेत चढवताना हमालांनी अंगाला नको तिथं हात लावला, म्हणून २०१७च्या सुमारास तिनं गाड्यांत रॅम्प हवेत अशी मोहीमच उघडली. तिच्याच नशिबी पुढं काय यावं? ऑक्टोबर २०२३मध्ये खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात तिचं लग्न होतं. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, साहेब खाली यायला तयार नाहीत. नवरीला उचलून वर न्यावं लागलं. गवगवा झाल्यावर उपमुख्यमंत्र्यांनी माफी मागितली. मुंबईत ही गत, तर आपल्याकडं कोण कशाला विचारतंय, असं तुझ्या मनात येईल. पण तू विचार. आकड्यात विचार.

त्यासाठी सुताराकडं असतो तसला पोलादी टेप विकत घे. मावशीच्या शिलाईच्या पेटीतला नको, तो हवा तसा ताणला जातो. आधी स्वतःची खुर्ची मोज. हात फिरवायच्या कड्यांसकट माझी सव्वीस इंच भरते. आता घरांची दारं बघ. पुढचं दार तीन-साडेतीन फुटाचं, तिथं काही अडत नाही. अडतं ते संडास-बाथरूमला. बांधणारा म्हणतो "अडीच फुटाचं दार", पण तो चौकटीचं माप सांगतो. चौकट, पल्ला, बिजागरी वजा करून मधे पंचवीस-सव्वीस इंच उरले तर नशीब. म्हणून मोकळी जागा मोजायची, दार पूर्ण उघडून. सरकारी नियम नव्वद सेंटिमीटर म्हणतो, म्हणजे पस्तीस इंचांच्या वर. तेवढं किरायाच्या घरात मिळणार नाही. अठ्ठावीस-एकोणतीस मिळाले तरी भागेल. बाथरूमचं दार आतल्या बाजूला उघडत असेल तर मालकाला सांगून बाहेर उघडणारं करून घे, बिजागऱ्यांचाच खर्च आहे. आत एकटी पडलीस तर तुझ्या अंगानंच दार अडून बसायला नको.

रॅम्पचं गणित तोंडपाठ कर. एक इंच चढ, बारा इंच लांबी. सहा इंचांची पायरी असेल तर सहा फूट. आपल्याकडं जोतं दीड-दोन फुटांचं असतं, म्हणजे अठरा ते चोवीस फूट. मालक लोक काय करतात, चार फुटांची फळी टाकतात आणि "झाला की रॅम्प" म्हणतात. ती घसरगुंडी आहे, तिच्यावरून तू उतरशील ती थेट रस्त्यावर. अंगणात जागा असेल तर वेल्डिंगवाल्याकडून खरबरीत लोखंडी पत्र्याचा सुटा रॅम्प करून घे. खोली सोडताना तो तुझ्याबरोबर येतो, आणि मालकालाही त्याची फरशी फुटायची भीती राहत नाही. माझा पहिला रॅम्प तिसऱ्या घरात अजून चालू आहे.

लातूरची अडचण वेगळी आहे. ते क्लासवाल्या पोरांचं गाव. खाली दुकान नाहीतर पार्किंग, वर खोल्यांच्या ओळी. खालचं शोधायचं तर अपार्टमेंटच्या मागं लागू नकोस, जुन्या कॉलन्यांमधल्या बंगल्यांचा "खालचा पोर्शन" शोध. त्यात राहणारे म्हातारे-म्हातारी गुडघ्यांनी बेजार असतात, त्यांना उंबरठ्याचं दुःख समजावून सांगावं लागत नाही. "लिफ्ट आहे" असं कुणी म्हणालं तर पुढचे दोन प्रश्न तयार ठेव. लिफ्टपर्यंत पायऱ्या किती? लाइट गेल्यावर लिफ्ट चालते का? पार्किंगमधून लिफ्टपाशी जायला तीन पायऱ्या, असली घरं मी एका दुपारी चार बघितलीत.

आणि टिपाडं! २०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं गाव आहे ते. नळ रोज येत नाही, त्यामुळं बोळीत, मोरीत, दाराशी निळी टिपाडं. रिकामं घर मोजशील तर छत्तीस इंचांची बोळ दिसेल, सामान आल्यावर तिथं सोळा उरतील. टिपाडं कुठं ठेवायची ते ठरवून मग मोज.

एक गंमत सांगते. खुर्चीसाठी सगळ्यात सोपी गल्ली मला कुठं भेटली असेल? किल्लारीकडं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे माळवदाची घरं माणसांवर कोसळली. त्यानंतर जी बावन्न गावं नव्या जागी उभी केली, तिथं एकमजली घरं आली, जमिनीच्या मानानं अडीचशे, साडेचारशे, साडेसातशे चौरस फुटांची, आणि रस्ते रुंद. लोकांना ते आवडलं नाही. शेजार तुटला, गल्लीत बसायला सावली नाही, म्हणायचे. त्यांचं खरंच होतं. पण मी तिथं एका ओळखीच्या काकूंच्या घरी गेले तेव्हा रस्त्यापासून चुलीपर्यंत कुणी हात न लावता पोचले. काकू म्हणाल्या, "माय, तू तर चालतच आलीस." पुढं ज्यानं त्यानं ओटे वाढवले, पायऱ्या केल्या, ते सोड.

कायद्याचं थोडक्यात. घरमालकापुढं कायदा काढू नकोस, तो खोलीच देणार नाही. कायदा तुझ्या ऑफिसात काढ. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की लोकांच्या वापरातल्या जुन्या इमारतींतही नियम झाल्यापासून पाच वर्षांत सोय करायची. नियम जून २०१७चे, म्हणजे मुदत २०२२लाच संपली. सर्वोच्च न्यायालयानंही ८ नोव्हेंबर २०२४ला राजीव रातुरींच्या खटल्यात सरकारला बजावलं की सुगम्यतेचे नुसते शिफारसवजा नियम चालणार नाहीत, बंधनकारक करा. तुझं टेबल वरच्या मजल्यावर असेल तर रुजू व्हायच्या दिवशीच लेखी अर्ज दे, आवक क्रमांक घे, आणि टेबल खाली माग. तोंडी मागितलंस तर शिपायांना बोलावतील. कशासाठी ते तुला माहीतच आहे. महापालिकेचा पाच टक्के दिव्यांग निधी असतो, त्याचं काय झालं तेही विचारत राहायचं, पण ते नोकरीत जरा रुळल्यावर.

आता नांदेडला जाण्या-येण्याचं. नांदेड-लातूर एसटीनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत. तिकिटाला आपल्याला पंचाहत्तर टक्के सवलत आहे, आणि मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे मावशी सोबत आली तरी खिशाला झळ नाही. पण तिकिटाला सवलत, पायरीला नाही. एसटीची पहिली पायरी माझ्या गुडघ्याएवढी. मी एसटी सोडली. महिन्यातून एकदाच यायचं असेल तर ओळखीचा गाडीवाला धर. पुढची सीट मागं सरकते अशी गाडी बघ, आणि सरकफळीवरून, म्हणजे खुर्ची आणि सीट यांच्यामधे टाकायच्या गुळगुळीत फळीवरून, स्वतः बसायची सवय कर.

रेल्वे परळी, लातूर रोड असा वळसा घालते, पण लांबच्या प्रवासाला तीच बरी. एक युक्ती: गाडी जिथून सुटते तिथूनच बस. मधल्या स्टेशनात दोन मिनिटं, त्यात खुर्ची, बॅग, गर्दी. सुटण्याच्या ठिकाणी गाडी आधीच लागलेली असते. नांदेडहून तपोवन आहे, सचखंड आहे, मुंबईची वंदे भारतही आता नांदेडहून निघते आणि तिच्या टोकाच्या डब्यांत खुर्चीसाठी जागा ठेवलेली आहे. स्लीपर आणि थर्ड एसीला आपल्याला आणि सोबत्यालाही पंचाहत्तर टक्के सवलत, त्यासाठी रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र काढून ठेव. खालचा बर्थ मिळालाय का ते चार्ट लागल्यावर पुन्हा बघ. २०१७मध्ये सुवर्णा राज या खेळाडूला नागपूरहून दिल्लीला जाताना वरचा बर्थ दिला होता, तिनं रात्र खाली जमिनीवर काढली. आपल्या लातूरला रेल्वेचे डबे बांधायचा कारखाना झालाय, तेव्हा दार दोन इंच रुंद करा म्हणून सांगायला फार लांब जायला नको!

प्रवास आहे म्हणून पाणी प्यायचं सोडू नकोस. आपण सगळ्याच तसं करतो आणि मग लघवीचा जंतुसंसर्ग घेऊन पडतो. मी दोनदा पडलेय. वाटेतल्या ज्या पंपाच्या संडासात खुर्ची जाते तो एकदा शोधून ठेवायचा आणि प्रत्येक वेळी तिथंच थांबायचं. बसून बसून जखम होऊ नये म्हणून खुर्चीतली गादी विसरायची नाही. दर वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलायचं, गप्पांच्या भरातही.

नुसतं घर-ऑफिस करू नकोस. लातूरच्या गंजगोलाई बाजारात सकाळी दुकानं उघडता उघडता जा. सोळा रस्ते तिथं येऊन मिळतात, आणि दहानंतर सोळाही रस्त्यांवरचे हातगाडे तुझ्याकडंच येताहेत असं वाटतं. सिनेमाला आधी फोन कर. खुर्ची पहिल्या रांगेपुढं लावतात, मान आखडते, म्हणून कडेच्या सीटवर बसता येईल का ते विचार. नांदेडला आलीस की आपण गुरुद्वाऱ्यात जाऊ. संगमरवरी फरशीवर खुर्ची अशी पळते की माझी मलाच आवरावी लागते. लंगरला सगळे खाली पंगतीत बसतात. मी कडेला घुटमळले होते तेव्हा सेवादारांनी ताट खुर्चीतच हातात दिलं आणि पुढं गेले, न थांबता, न बघता. मला तेच फार आवडलं. गोदावरीचे घाट मात्र वरूनच बघायचे.

माहूरला मलाही उचलून वर नेलंय, हे तुला कुणीतरी सांगेलच. आईचा नवस होता आणि तिला तिच्या हयातीत तो फेडायचा होता. पायऱ्यांचं देवस्थान, दुसरा इलाजच नव्हता. पण कोण उचलणार ते मी निवडलं, माझे दोन मामेभाऊ आणि दोन वहिन्या. हात कुठं धरायचे ते मी सांगितलं, अधेमधे तीनदा थांबायला लावलं. वर रेणुकेपुढं आई रडली, मी खाली येईपर्यंत भावांना शिव्या दिल्या. मजा आली.

बरं, माझ्या एका मैत्रिणीनं लातुरात एका बाईंचा खालचा पोर्शन सुचवलाय. नंबर तुला पाठवलाय. मी शनिवारी येतेच, पण त्याआधी त्यांना एवढंच विचार: संडासाचं दार पूर्ण उघडल्यावर मधे मोकळे इंच किती? "भरपूर आहे" म्हणाल्या तर हसून पुन्हा आकडा विचार. "तेवढंच ना, आम्ही उचलू" म्हणाल्या तर राम राम कर. अठ्ठावीसच्या वर म्हणाल्या तर मला लगेच मिस कॉल दे, आगाऊ पैसे मी इथूनच पाठवते.