गाडीत बाळाची जागा कोणती?

तंजावरच्या आपल्या मराठी घरांत बाळाचा पहिला लांबचा प्रवास बहुधा देवाच्या वाटेचाच असतो. कुणी जावळाला वैत्तीश्वरन कोविलला जातं, कुणी स्वामीमलैला. पुढच्या सीटवर आजी आणि आजीच्या मांडीवर बाळ. आजीच्या हातांइतकं सुरक्षित काही नाही, असं आपल्याला मनापासून वाटतं. घरात ते खरंच आहे, धावत्या गाडीत मात्र नाही.

ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून थांबली, तर १० किलोचं बाळ सव्वाशे-दीडशे किलोच्या जोराने पुढे फेकलं जाऊ शकतं. कुठली आजी ते धरून ठेवील? आईने एकच पट्टा दोघांभोवती घेतला, तर तिचा सगळा भार बाळावर पडतो. आणि पुढे एअरबॅग असते. तिच्या तडाख्याने तान्ह्या जिवावर बेतू शकतं.

म्हणून कारसीट हवी, मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करून. तान्ह्याचं डोकं जड, मान कोवळी. असं बसवलं की धक्का सगळ्या पाठीवर विभागला जातो. निदान सव्वा वर्षापर्यंत तरी असंच बसवा, सीटमध्ये मावत असेल तर पुढेही. खांद्यावरच्या पट्ट्याची घडी चिमटीत धरता आली, तर तो सैल आहे. आपल्या उन्हात बकल तापतं, आधी हात लावून बघा. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा विभागाच्या मते कारसीटमुळे वर्षाच्या आतल्या बाळांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्के घटतो.

‘पण ते रडतं हो!’ रडणारच. गाडी कडेला थांबवा, पाजा, थोपटा, पुन्हा बसवा. आजीला मागे बाळाशेजारी बसवा. तिचा हात बाळाला लागला की निम्मं रडणं थांबतं आणि आजीचाही मान राहतो.

स्कूटरवाल्या घरांनाही सांगते. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा सुरक्षापट्टा, डोक्यावर हेल्मेट आणि वेग ४० च्या आत, हा नियम फेब्रुवारी २०२३पासून लागू आहे. मोटारीत १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना असेल, तर २०१९च्या कायद्याने १,००० रुपये दंड आहे. पण दंडाच्या धाकाने कशाला?

बारशाला पाळणा, वाळे, चांदीची वाटी येतेच. आजोबांनो, मामांनो, यंदा बारशाची वाट न पाहता सगळ्यांनी मिळून कारसीट आणा, आणि बाळ दवाखान्यातून घरी येण्याच्या दिवसाआधी ती गाडीत बसवून ठेवा.