डिझेल इंजिन : तेल सोडण्याची वेळ व ती घरी तपासण्याची रीत

चांदूर रेल्वेच्या आसपास विहिरीवर विजेचा पंप बसविलेल्या कास्तकारांनीही तेलाचे इंजिन सहसा मोडीत काढलेले नाही, व हे त्यांनी शहाणपणाचेच केले असे आम्हांस वाटते. हरभरा घाट्यावर असता वीज गेली, म्हणजे ओलिताचा सारा भरवसा या इंजिनावर येतो. परंतु आठ-नऊ महिने ताडपत्रीखाली पडून राहिलेले इंजिन नेमके त्याच दिवशी धूर ओकते किंवा सुरू होण्याचे नाकारते. मग मिस्त्रीची वाट पाहण्यात चार दिवस जातात, आणि पीक तर चार दिवस थांबत नाही. यास्तव इंजिनाचा एक महत्त्वाचा भाग, म्हणजे तेल सोडण्याची वेळ, शेतकऱ्यास स्वतः कशी तपासता येईल हे येथे सांगण्याचे योजिले आहे.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन गृहस्थाने 1897 साली आपले पहिले यशस्वी इंजिन चालवून दाखविले. पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी 1946 साली निघाली, व तेव्हापासून आपल्याकडील विहिरींवर या जातीची इंजिने पसरत गेली. या इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या वर येताना आतील हवा मूळ आकाराच्या सोळाव्या-सतराव्या हिश्श्याइतकी दाबली जाते, त्यायोगे ती पाचशे अंशांवर तापते, आणि तीत तेलाचा फवारा पडताच तो आपोआप पेटतो. मात्र पेटण्यास किंचित अवधी लागतो. म्हणून दट्ट्या अगदी माथ्यावर येण्यापूर्वीच फवारा सुरू व्हावा लागतो. पाच अश्वशक्तीच्या व मिनिटास 1500 फेऱ्या घेणाऱ्या एका प्रचलित इंजिनात हा आगाऊपणा 23 अंशांचा ठेविलेला असतो. मिनिटास 1500 फेऱ्या म्हणजे सेकंदास 25. एका फेरीचे अंश 360. तेव्हा एक अंश म्हणजे सेकंदाचा नऊ हजारावा भाग झाला. 23 अंशांचा काळ सेकंदाच्या सुमारे 390 व्या भागाइतका भरतो. एवढ्याशा काळात सारा व्यवहार उरकावयाचा असल्याने दोन-चार अंशांचा फरकही इंजिनास जाणवतो.

तेल लवकर सुटले तर ठणठण आवाज येतो, बेअरिंगवर भार पडतो, आणि सुरू करताना हँडल उलट फटका मारते. अशा फटक्याने मनगट मोडते. उशिरा सुटले तर जोर कमी लागतो, धूर येतो, इंजिन फाजील तापते व तेल अधिक खाते.

तथापि धूर दिसला की वेळच बिघडली, असे कोणी समजू नये. वेळ आपण होऊन एका रात्रीत बदलत नाही. कॅम व टॅपेट झिजून ती वर्षानुवर्षांत हळूहळू सरकते. एरवी ती बदलते ती कोणीतरी तेलपंप उतरवून खालच्या पातळ चकत्या, ज्यांस मिस्त्री लोक ‘शिम’ म्हणतात, कमीजास्त केल्याने. आमच्या शिवारातील एका कास्तकाराचे इंजिन काळा धूर देऊ लागले. मिस्त्रीने पंपाखालील दोन चकत्या काढून वेळ पुढे ओढली. आठ दिवस बरे गेले, नंतर ठोके सुरू झाले व पुढे बेअरिंग गेले. मूळ दोष काय होता? हवा गाळण्याचे भांडे कापसाच्या धुळीने गच्च भरले होते. म्हणून आधी हवेचे भांडे धुवावे; तेलाची गाळणी पाहावी; नळीत शिरलेली हवा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत काढावी; इंजिन थंड असता टॅपेटची फट पुस्तिकेत दिलेल्या मापाची आहे की नाही हे पात्याने मोजावे. धुराचा रंगही पाहावा. निळा धूर वंगणाचे तेल जळत असल्याचा, पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा. इतके करूनही दोष राहिला तरच वेळेकडे वळावे.

प्रथम इंजिन थंड होऊ द्यावे. गतिचक्राच्या कडेवरील वंगणाचा थर रॉकेलने धुतला म्हणजे दोन खुणा दिसतात : एक दट्ट्या माथ्यावर असण्याची, दुसरी तेल सुटण्याची. दुसरी खूण पुसट झाली असल्यास दोरीने चक्राचा घेर मोजावा. समजा घेर 144 सेंटिमीटर भरला. तर 23 अंशांचे अंतर 144 गुणिले 23 भागिले 360, म्हणजे 9.2 सेंटिमीटर येईल. चक्र फिरताना माथ्याच्या खुणेआधी इतक्या अंतरावर जी जागा दर्शकाखाली येते, तेथे खडूने रेघ मारावी. अंश मात्र आपल्याच इंजिनाच्या पुस्तिकेतील घ्यावे. शेजाऱ्याचे अंश आपल्या कामाचे नव्हेत.

आता पंपापासून नोजलकडे जाणारी जाड नळी सोडवावी. पंप व नळीचे तोंड स्वच्छ सुती कापडाने पुसावे, पण कापसाच्या बोळ्याने कदापि पुसू नये. नोजलची छिद्रे साधारण पाव मिलिमीटरची असतात, आणि आपल्या मुलखात कापूस हाताशी असल्याने हीच चूक फार होते. टाकीचा नळ उघडा ठेवून, तेलाचा दांडा बंद स्थितीत न ठेवता, चक्र चालीच्या दिशेने फिरवावे. पंपाच्या तोंडाशी तेल बुडबुड्यांशिवाय काठोकाठ आले, म्हणजे पुन्हा अगदी सावकाश फिरवावे व तेलाच्या पृष्ठावर नजर ठेवावी. दोन फेऱ्यांत एकदाच तेल हलते, कारण कॅमदांडा निम्म्या गतीने फिरतो. पृष्ठ जरासे थरथरले की हात तेथेच थांबवावा. तीच तेल सुटण्याची वेळ. हात पुढे गेल्यास चक्र पाव फेरी मागे घेऊन पुन्हा चालीच्या दिशेनेच यावे, नाहीतर दात्यांतील ढिलाईने माप खोटे येते. हे तीनदा करावे. तिन्ही वेळा एकच जागा आली तरच ती खरी मानावी.

खूण दर्शकाखाली येण्याआधीच तेल हलले तर वेळ लवकर आहे. पंपाखाली चकती वाढवावी. खूण निघून गेल्यावर हलले तर उशीर आहे, चकती काढावी. चकती वाढविली की पंप वर उचलला जातो, आतील दट्ट्या तेलाचे भोक उशिरा झाकतो, म्हणून वेळ मागे जाते. एका वेळी एकच चकती बदलून पुन्हा मोजावे. किती चकत्या होत्या, किती राहिल्या, कोणत्या तारखेस, हे वहीत टिपावे. सातबाऱ्यावरील नोंदीची जी काळजी आपण घेतो, तीच येथे घ्यावी. कारण पुढच्या मिस्त्रीस जुनी स्थिती कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

नोजलमधून तेल सुमारे दोनशे वातावरणांच्या दाबाने निघते. त्या फवाऱ्यापुढे हात धरल्यास तेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी त्याच घटकेस इस्पितळ गाठावे. तसेच विहिरीच्या आत इंजिन उतरवून चालवू नये. त्याचा विषारी वायू तळाशी साचतो व आत उतरलेला मनुष्य दगावतो.

मालमोटारीच्या इंजिनाचे तत्त्व हेच. जमशेदपूरला 1954 साली टाटांचे बेंझ बनावटीचे ट्रक निघू लागले. तशा जुन्या सहा नळकांड्यांच्या इंजिनात पहिले व सहावे नळकांडे जोडीने वर येतात. सहाव्याचे दोन्ही झडप-दांडे एकदम हलू लागले म्हणजे पहिले दाबाच्या माथ्यावर आले असे ओळखावे. परंतु तेथे सहा नळ्यांतून सारखे तेल सुटते की नाही हे यंत्रावर बसवूनच कळते, म्हणून असला पंप उघडू नये. विजेच्या यंत्रणेने तेल सोडणाऱ्या नव्या गाड्यांस तर या रीतीचा काहीच उपयोग नाही.

काम संपल्यावर नळी घट्ट करून, हवा काढून इंजिन सुरू करावे. अर्धा तास भार देऊन चालवावे, धूर पाहावा, आणि थंड झाल्यावर पंपाचे बोल्ट पुन्हा एकदा आवळावे.