मारिओच्या मिशीमागचं इंजिनीअरिंग

मायक्रोकंट्रोलरच्या लॅबमध्ये आपल्या सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं. "एवढ्याशा मेमरीत काय होणार?" आपल्या अर्ड्युइनो ऊनो बोर्डावर प्रोग्रॅमसाठी ३२ केबी फ्लॅश आणि २ केबी रॅम असते. आता गंमत बघा. १९८५ साली जपानमध्ये आलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या गेमचा प्रोग्रॅम होता ३२ केबीचा, चित्रांसाठी आणखी ८ केबी, आणि ज्या फॅमिकॉम मशिनवर तो चालायचा त्याची कामाची रॅम फक्त २ केबी! पडद्यावर चित्र काढायला वेगळी चिप होती हे खरं, पण प्रोसेसरचा वेग सुमारे १.८ मेगाहर्ट्झ. आपल्या बोर्डाचा १६.

आपल्यातल्या अनेकांच्या काका-मामांनी हा गेम १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायच्या स्वस्त व्हिडिओ गेमवर खेळलाय. त्यातली बरीच मशिन्स फॅमिकॉमची नक्कलच होती. तेव्हा मारिओ कोण हे सांगायला नको. तो असा का दिसतो, हे मात्र सांगण्यासारखं आहे. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'आरेखन' वगैरे शब्द माझ्या तोंडात बसत नाहीत. मी सरळ डिझाइन म्हणणार.)

मिशी का आली?

१९८० च्या सुमारास निन्टेन्डो कंपनीचा 'रडार स्कोप' नावाचा गेम अमेरिकेत फारसा चालला नाही आणि बरीच मशिन्स गोदामात पडून राहिली. ती फेकून न देता त्यातच नवा गेम बसवायचं ठरलं. काम मिळालं शिगेरू मियामोतो या तरुणाला. हा प्रोग्रॅमर नव्हता, इंडस्ट्रियल डिझाइन शिकलेला होता. त्यातून १९८१ साली 'डाँकी काँग' तयार झाला आणि त्यात एक छोटा माणूस पिंपांवरून उड्या मारत शिड्या चढू लागला. त्याला आधी म्हणायचे जंपमॅन. पुढे अमेरिकेतल्या निन्टेन्डोच्या गोदामाचे मालक मारिओ सेगाले यांच्यावरून त्याचं नाव मारिओ पडलं.

हा माणूस बसवायचा होता १६ गुणिले १६ ठिपक्यांत, आणि रंग फक्त तीन. एवढ्यात तोंड काढलं तर ते तोंड वाटत नाही, नुसता डाग वाटतो. म्हणून मोठं नाक आणि त्याखाली मिशी. मिशी आली की तोंड काढायची गरजच संपली! उडी मारताना केस हलले पाहिजेत, ते दाखवणं कठीण. म्हणून डोक्यावर टोपी. पळताना हात हलतायत हे कळायला हात आणि अंग वेगळ्या रंगाचं हवं. म्हणून शर्टावर डंगरी. गेम बांधकामाच्या जागी घडतो म्हणून तो सुतार झाला. १९८३ च्या 'मारिओ ब्रदर्स' मध्ये जमिनीखालचे पाइप आले, तर तो प्लंबर झाला. त्यातला भाऊ लुइजी म्हणजे तोच मारिओ, फक्त हिरव्या रंगात.

थोडक्यात काय, ज्याला आपण 'कॅरेक्टर' म्हणतो ती अडचणींवर काढलेल्या उत्तरांची बेरीज आहे.

६४ बाइटचा माणूस

जरा हिशोब करू. फॅमिकॉमवर एका ठिपक्याला २ बिट लागतात. तीन रंग आणि चौथा पारदर्शक. छोटा मारिओ २५६ ठिपक्यांचा, म्हणजे ५१२ बिट, म्हणजे एका पोजला ६४ बाइट. डावीकडे तोंड करून पळणारा मारिओ वेगळा साठवलेला नाही, उजवीकडचाच आरशासारखा उलटा दाखवतात. चालणारा गुंबा म्हणजे एकच चित्र आलटून पालटून उलटं केलेलं. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, रंग तेवढा बदललेला. फुल खाऊन मारिओ पांढरा होतो तेही नवीन चित्र नाही, नुसते रंग बदलले.

उडीचं तर वेगळंच शास्त्र आहे. 'डाँकी काँग' मध्ये उडी ठरलेल्या उंचीची. १९८५ मध्ये बटण दाबून धरलं तर उडी उंच जाते, लवकर सोडलं तर छोटी. प्रोग्रॅममध्ये वर जाताना बटण दाबलेलं असेपर्यंत गुरुत्वाकर्षण कमी धरलंय. हवेत असताना दिशासुद्धा थोडी बदलता येते. आपल्या फिजिक्सच्या सरांनी याला शून्य मार्क दिले असते! पण खेळणाऱ्याच्या बोटांना हेच बरोबर वाटतं.

काय बदललं, काय राहिलं

मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हा. 'डाँकी काँग' मध्ये डंगरी लाल आणि शर्ट निळा. १९८५ मध्ये डंगरी लालच, पण शर्ट, केस आणि बूट यांना मिळून एकच तपकिरीसारखा रंग. नंतर सगळं उलटलं, शर्ट लाल आणि डंगरी निळी. १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४' मध्ये तो थ्रीडी झाला. ठिपक्यांचं बंधन गेलं, तोंड काढता येत होतं, केसही. तरी मिशी आणि टोपी काढली नाही. त्या गेमवर काम करताना आधी मारिओला नुसतं पळवून, सशाच्या मागे धावायला लावून बघितलं होतं. पळण्यात मजा यायला हवी हे पहिलं. त्या सशाचं नाव मिप्स. आपण कम्प्युटर ऑर्गनायझेशनमध्ये शिकतो तोच मिप्स, कारण मशिनचा प्रोसेसर त्या घराण्यातला होता.

२०१७ च्या 'सुपर मारिओ ओडिसी' मध्ये तर ती टोपीच गेमचा मुख्य भाग बनली. आणि १९८१ मध्ये जिला माकडापासून सोडवायचं होतं ती पॉलीन इथे एका शहराची महापौर आहे! अनेक वर्षं मारिओला आवाज देणारे चार्ल्स मार्टिने २०२३ मध्ये बाजूला झाले, केव्हिन अफगाणी आले. माणसं बदलली, मशिन्स बदलली. टोपी, मिशी आणि उडी राहिली.

आता आपल्या टाकीकडे

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे होस्टेलच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. गेल्या तीन बॅचनी 'वॉटर लेव्हल इंडिकेटर' हा प्रोजेक्ट केला. तिघांनीही शून्यापासून. तिन्ही रिपोर्ट सोनेरी अक्षरांत बाइंडिंग करून कपाटात ठेवलेत आणि टाकी अजून रात्री वाहते, सकाळी अंघोळीला पाणी नसतं. दरवर्षी नवीन बोर्ड, नवीन कोड, तीच व्हायवा. आधीच्यांचं काम पुढे नेलं तर मार्क कमी पडतील अशी भीती आपल्या सगळ्यांना असते.

यंदा आमच्या ग्रुपने ठरवलंय की सीनियर्सचाच बोर्ड घ्यायचा. त्यांच्याशी बोलून एका कागदावर तीन ओळी लिहिल्या. टाकी भरली की मोटर बंद झालीच पाहिजे. वायर तुटली तरी मोटर बंदच राहिली पाहिजे. वॉचमनकाकांना एका दिव्यावरून सगळं कळलं पाहिजे. ही झाली आमची टोपी, मिशी आणि उडी. बाकी सेन्सर, कोड, डबा, जे बदलायचं ते पुढच्या बॅचने खुशाल बदलावं.

स्टाफमधल्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. 'जुना प्रोजेक्ट पुढे नेणे' यालाही नवीन प्रोजेक्टइतकेच मार्क द्या. आणि ज्युनिअर्सना एवढंच सांगते, मेमरी कमी आहे म्हणून रडू नका. ६४ बाइटच्या त्या माणसाने १९८५ पासून पुढे चाळीस वर्षं काढली. आपल्याला तर फक्त एक टाकी सांभाळायची आहे!